अकूस्टिक ब्लूजच्या प्रादेशिक शैली : नकाशा कितपत खरा?

तंतुकार (धागाकर्ता)

अमेरिकी अकूस्टिक ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचे विजेशिवायच्या गिटारवरचे गाणे, ऐकायला लागलेल्या प्रत्येकाच्या हाती लवकरच एक नकाशा दिला जातो. मिसिसिपी डेल्टाचा ब्लूज खडबडीत आणि तीव्र, ॲपलेशियन डोंगर आणि अटलांटिक किनारा यांच्या मधल्या पीडमाँट पट्ट्यातला ब्लूज नाजूक आणि नाचरा, टेक्ससचा ब्लूज ऐसपैस, अशी ती विभागणी असते. मी बरीच वर्षे हे संगीत ऐकत आलो आहे आणि गिटारवर ते वाजवण्याचा प्रयत्नही करतो. माझे मत असे झाले आहे की हा नकाशा उजव्या हाताच्या अंगठ्यापुरता खरा आहे. मात्र या शैली आपापल्या मातीत, बाहेरचा वारा न लागता उगवल्या असा जो समज त्यातून होतो, तो टिकणारा नाही.

आधी अंगठ्याविषयी. एकट्या गिटारच्या साथीने गायल्या जाणाऱ्या ब्लूजमध्ये खर्जाच्या तारा अंगठ्याकडे आणि वरच्या तारा बोटांकडे असतात, आणि अंगठा काय करतो यावरून वादक कोणत्या मुलखातला असावा याचा अंदाज बऱ्याचदा बांधता येतो. पीडमाँट शैलीत अंगठा प्रत्येक मात्रेला तार बदलतो. सी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) धरला असेल तर पाचवी, चौथी, सहावी, पुन्हा चौथी असा त्याचा फेरा अखंड चालू राहतो आणि बोटे त्या मात्रांच्या अधेमधे धून वाजवतात. रॅगटाइम या हेलकावत्या लयीच्या संगीतातल्या पियानोवादकाच्या डाव्या हाताचे काम इथे अंगठ्याने उचललेले आहे, आणि त्या काळच्या लोकांनाही ते तसेच जाणवले होते; पॅरामाउंट या ध्वनिमुद्रण कंपनीने १९२६ साली ब्लाइंड ब्लेक यांच्या ध्वनिमुद्रिकेची जाहिरात करताना त्यांची गिटार पियानोसारखी वाजते हेच पुढे केले. रेव्हरंड गॅरी डेव्हिस हे सारे केवळ अंगठा आणि तर्जनी यांवर साधत असत, आणि ऐकताना मात्र दोन माणसे वाजवत असल्याचा भास होतो.

टेक्ससमध्ये अंगठा बहुधा एकाच तारेवर ठिय्या देऊन बसतो. नॅव्हासोटा गावचे शेतकरी मॅन्स लिप्स्कम यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६० साली, त्यांची साठी उलटल्यावर निघाली. त्यांच्या बऱ्याच गाण्यांत खर्जाचा एकच स्वर तळहाताने किंचित दाबून चार मात्रा धरलेला ऐकू येतो. ब्लाइंड लेमन जेफरसन यांचा स्वभाव वेगळा होता. गाण्याची ओळ संपली की ते खर्ज सोडून देत, एका तारेवरून सरसर उतरणारी सुरावट घेत आणि ती पूर्ण होईपर्यंत पुढची ओळ थांबवून धरत. मग तिथे चार मात्रा होतात की साडेपाच, याची त्यांना फिकीर नसे. डेल्टामध्ये अंगठा जवळजवळ तालवाद्याचे काम करतो. चार्ली पॅटन तार ओढून अशी सोडत की ती पडद्यांवर आपटून वाजे, आणि मधूनच गिटारच्या अंगावर थाप मारत. डॉकरी मळ्यासारख्या कापसाच्या मळ्यांवर शनिवारी रात्री गर्दीला नाचवायचे आणि साथीला ड्रम नाही, अशा परिस्थितीतून हे वाजवणे घडले. याउलट नॉर्थ कॅरोलायनातल्या डरम शहरात तंबाखूचे कारखाने आणि लिलावाच्या वखारी होत्या. हंगामात रोख पैसे हातात असलेले शेतकरी आणि कामगार यांच्यासमोर, भर रस्त्यात ब्लाइंड बॉय फुलर वाजवत. तिथल्या श्रोत्याला रॅगटाइमची लय आणि ओळखीची धून हवी होती.

आता बाहेरच्या वाऱ्याविषयी. डेल्टाची ओळख म्हणून सांगितला जाणारा स्लाइडचा आवाज, म्हणजे तारेवर बाटलीची मान किंवा सुरी घासून काढलेली मींड, घ्या. सन १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी एका माणसाला सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकले आणि पुढे त्याचे वर्णन हवाईयन वादकांसारखे असे केले. हवाई बेटांवर जोसेफ केकूकू यांनी पोलादी तुकडा तारांवर सरकवून वाजवण्याची पद्धत रूढ केली होती. बेटे १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात गेली, आणि १९१५च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारचे वेड देशभर पसरले. ध्वनिमुद्रिकेवर पहिली ब्लूज स्लाइड गिटार आली ती १९२३ साली, आणि तीही डेल्टातून नव्हे. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराचे सिल्व्हेस्टर वीव्हर यांनी ती वाजवली.

तारा जुळवण्याच्या पद्धतींचेही असेच आहे. डेल्टाचे वादक ज्या दोन जुळण्यांवर सर्वाधिक विसंबत, त्यांना ते ‘स्पॅनिश’ आणि ‘व्हेस्टापोल’ म्हणत. आपल्या भाषेत सांगायचे तर जाड तारेपासून बारीक तारेकडे पहिली प सा प सा ग प आणि दुसरी सा प सा ग प सा. ही दोन्ही नावे १८६०च्या सुमारास हेन्री वॉरल यांनी छापलेल्या, मध्यमवर्गीय घरांतल्या दिवाणखान्यात वाजवायच्या दोन गिटार-रचनांवरून आली आहेत: एक ‘स्पॅनिश फँडँगो’, दुसरी क्रिमियन युद्धातल्या वेढ्याची आठवण असलेली ‘सेबास्टोपोल’. छापील स्वरलिपी विकत घेणाऱ्या घरांतून ती जुळणी कापूस वेचणाऱ्यांच्या झोपडीपर्यंत पोचली, आणि तिथे तिच्यातून मूळ रचनाकाराच्या स्वप्नातही आले नसते असे संगीत निघाले.

पुढे सन हाउस आणि बुका व्हाइट या डेल्टाच्या वादकांच्या हातात दिसणारी धातूची नॅशनल गिटार घ्या. तिच्या पोटात ॲल्युमिनियमचा शंकू असतो आणि तो आवाज मोठा करतो. हवाईयन पद्धतीने वाजवणारे जॉर्ज बोशाँ यांना रंगमंचावर ऐकू जाईल अशी गिटार हवी होती, म्हणून स्लोव्हाक स्थलांतरित जॉन डोपेरा यांनी लॉस एंजेलिसमध्ये ती घडवली, आणि १९२७च्या सुमारास ती बाजारात आली. आज डेल्टा ब्लूज म्हटले की जे वाद्य डोळ्यांसमोर येते, ते मिसिसिपीसाठी बनलेच नव्हते.

या विषयात रस असलेल्यांनी आपली मते सविस्तर मांडावीत, अशी विनंती आहे.

गौरांगी

विवेचन आवडले, आणि अंगठ्यावरून शैली ओळखण्याची रीत मी नक्की वापरून पाहीन. परंतु स्लाइडचे श्रेय हवाईकडे झुकवण्यात आपण थोडी घाई केली आहे असे मला वाटते. हँडी यांनी टटवायलरची हकिगत आपल्या आत्मचरित्रात लिहिली आणि ते १९४१ साली प्रसिद्ध झाले. तोवर हवाईयन गिटार घराघरांत पोचली होती, त्यामुळे लिहिताना त्यांना ती उपमा सुचणे स्वाभाविक होते. सुरी सरकवणारा तो अनाम वादक ती पद्धत हवाईकडून शिकला होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

मिसिसिपीतल्या गरीब कृष्णवर्णीय घरांत मुले ‘डिडली बो’ नावाचे एकतारी वाद्य स्वतः बनवत. केरसुणी बांधायची तार सोडवून ती घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, खाली घोडी म्हणून बाटली किंवा डबी सारायची, एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हातातली बाटली तिच्यावरून सरकवायची. भिंतच भोपळ्याचे काम करते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत याच तत्त्वाची एकतारी वाद्ये आहेत, आणि तिथेही ती मुख्यतः मुलांची वाद्ये आहेत. पुढे नावारूपाला आलेल्या कित्येक वादकांनी आपली सुरुवात अशा तारेवर झाल्याचे सांगितले आहे. गिटार हाती येण्याआधीच मींड हातात बसलेली असेल, तर ती शिकवायला हवाईहून कोणी येण्याची गरज उरत नाही.

शिवाय ब्लूजचा जो गाभ्याचा स्वर आहे, कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी लागणारा, तो पियानोवर नाही आणि गिटारच्या पडद्यांवरही नाही. तो गळ्यातून आला आहे, आणि गळ्यात तो शेतांतल्या हाळीगीतांतून आणि त्याआधी समुद्रापलीकडून आला आहे. सन १७३९च्या स्टोनो येथील उठावानंतर साउथ कॅरोलायनाने कायदा करून गुलामांना ढोल वाजवण्याची बंदी केली. उठावाचे इशारे ढोलावरून दिले जातात, ही मालकांची भीती होती. तंतुवाद्ये मात्र चालून गेली, आणि बँजो हे मुळात सेनेगांबियाच्या बाजूच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांचेच अमेरिकी रूप आहे. बाहेरच्या प्रभावांची यादी करताना आफ्रिकेचा उल्लेख मूळ लेखात जवळजवळ नाही, ही उणीव मला जाणवली.

तंतुकार

गौरांगी, आपला आक्षेप रास्त आहे आणि हँडी यांच्या लेखनकाळाचा मुद्दा तर मोलाचा आहे. आफ्रिकेला मी ‘बाहेरचा प्रभाव’ म्हणून धरले नाही, कारण माझ्या दृष्टीने ती या संगीताची कूस आहे. तरी ते स्पष्ट लिहायला हवे होते.

स्लाइडच्या बाबतीत वादकाची बैठक पाहिली तर दोन्ही धागे वेगळे करता येतात, असे मला वाटते. हवाईयन वादक गिटार मांडीवर आडवी ठेवतो आणि वरून पोलादी कांडी धरतो. डेल्टाचे बहुतेक वादक गिटार नेहमीसारखीच छातीशी धरून करंगळीत बाटलीची मान घालतात, म्हणजे उरलेली बोटे कॉर्ड धरायला मोकळी राहतात. मांडीवरची पद्धत ब्लूजमध्ये ठळकपणे दिसते ती लुइझियाना आणि टेक्सस यांच्या सीमेवर: श्रीव्हपोर्टचे बडी वूड्स आणि त्यांच्याकडून शिकलेले ‘ब्लॅक एस’ हे नॅशनल गिटार मांडीवर ठेवूनच वाजवत. तिथे हवाईचा हात मान्य करावाच लागतो. डेल्टामध्ये तारेवरची मींड भिंतीवरून आली असेल आणि हवाईयन ध्वनिमुद्रिकांनी तिला प्रतिष्ठा व बाजार दिला असेल, असे आपण दोघेही मान्य करू शकू.

रानवारा

या चर्चेत ध्वनिमुद्रण कंपन्यांचा हात विसरून चालणार नाही. सन १९२० मध्ये कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथ यांची ध्वनिमुद्रिका तुफान खपल्यावर कंपन्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी ‘हिलबिली’ अशा दोन वेगळ्या मालिका चालवल्या. विक्रीसाठी आखलेली ती रेघ पुढे इतिहास म्हणून वाचली गेली. प्रत्यक्षात वादक ती रेघ रोज ओलांडत होते.

मिसिसिपी जॉन हर्ट यांचे उदाहरण दोन्ही नकाशे एकदम खोटे ठरवते. ते डेल्टाच्या काठावरच्या ॲव्हलॉन गावचे, म्हणजे मिसिसिपीचेच. पण त्यांचा अंगठा पीडमाँटच्या वादकासारखा संथपणे तारा बदलत राहतो आणि आवाज जेमतेम बोलण्याइतका चढतो. ‘ओके’ या ध्वनिमुद्रण कंपनीकडे त्यांची शिफारस केली ती विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने, कारण नाचाच्या कार्यक्रमांत हर्ट त्यांना साथ करत. सन १९२८ मध्ये मेम्फिस आणि न्यूयॉर्क येथे त्यांचे ध्वनिमुद्रण झाले, ते फारसे खपले नाही, आणि हर्ट शेतीकडे परतले. त्यांच्याच गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून माग काढत १९६३ साली एक तरुण संग्राहक ॲव्हलॉनला पोचला, आणि हर्ट यांना आयुष्याची अखेरची तीन वर्षे देशभरचे श्रोते मिळाले. ते अमुक प्रांताच्या शैलीचे प्रतिनिधी नव्हते. आपल्या गल्लीतल्या दोन्ही रंगांच्या लोकांना नाचायला काय लागते ते त्यांना ठाऊक होते.

मिसिसिपी शीक्स हा चॅटमन बंधूंचा फिडल आणि गिटार यांचा संच गोऱ्यांच्या नाचांत मुबलक वाजवत असे. उलट बाजूने, ज्यांना कंट्री संगीताचे जनक म्हणतात ते मिसिसिपीचेच जिमी रॉजर्स ब्लूजच्या बारा बारच्या (चार-चार मात्रांच्या बारा भागांच्या) चौकटीत योडेल (गळा झटकन पातळ आवाजात पालटत घेतलेली तान) गात, १९२९ मध्ये जो काइपो या हवाईयन वादकाला साथीला घेत आणि १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण करत. केंटकीचे आर्नल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय कोळसा खाणकामगार. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही, पण त्यांचा अंगठा पाहून तिथले गोरे वादक शिकले आणि तीच पद्धत पुढे मर्ल ट्रॅव्हिस यांच्यामार्फत सबंध कंट्री गिटारची झाली. शुल्ट्झ यांचे नाव आज किती गिटारवादकांना माहीत आहे, याचा विचार केला तर वाईट वाटते.

विहंग

धागाकर्त्यांच्या टेक्ससच्या भागात मला एका नावाची भर घालायची आहे. ब्लाइंड विली जॉन्सन हे काटेकोरपणे पाहता ब्लूजगायक नव्हेत, ते केवळ धार्मिक गाणी गात. पण स्लाइड गिटारचा विषय त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. त्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस येथे एक शब्दरहित रचना ध्वनिमुद्रित केली. तिचे मूळ थॉमस हॉवीस या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात लिहिलेल्या, गेथसेमनेच्या बागेतल्या येशूच्या रात्रीवरच्या भजनात आहे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये अशी भजने एकाने ओळ उच्चारायची आणि मंडळींनी ती अतिविलंबित, प्रत्येकाने आपापल्या हरकती घेत ओढायची, अशा रीतीने म्हटली जात. जॉन्सन यांनी तो उच्चारणारा एक आणि ती ओढणारी मंडळी, दोघांनाही एका गिटारमध्ये आणि एका गुणगुणण्यात आणले आहे. गिटारची मींड जिथे सोडते तिथून गळा उचलतो, आणि कोणता स्वर तारेचा व कोणता गळ्याचा हे काही क्षण कळत नाही.

सन १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्ण तबकडी अवकाशात गेली, तिच्यात जॉन्सन यांची ही रचना आहे आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहिल्या. केसरबाईंचा स्वर आकारात बांधलेला, दमसासाने पूर्ण भरलेला आहे. जॉन्सन यांचा स्वर घोगरा आणि मुद्दाम अर्धा सोडलेला आहे. पण दोघेही स्वरावर सरळ पाय ठेवत नाहीत, त्याच्याकडे खालून किंवा वरून सरकत जातात, आणि ती सरकच ऐकणाऱ्याला धरून ठेवते. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, म्हणून हे साम्य मला अधिक विचारात टाकते.

मृद्गंधा

एक शंका आहे. डेल्टा, पीडमाँट, टेक्सस यांना आपल्या घराण्यांसारखे समजावे काय? ख्याल ऐकणाऱ्या माझ्यासारखीला ते सोपे पडेल, परंतु वरील चर्चा वाचून ते योग्य आहे की नाही याची खात्री वाटत नाही. आणि गिटार न वाजवणाऱ्याने अंगठा ऐकायचा तरी कसा?

तंतुकार

मृद्गंधाताई, घराण्यात गुरू असतो, तालीम असते, काय गायचे नाही याचा दंडक असतो. पीडमाँटमध्ये असा दंडक कोणी घातला नव्हता. ते नावही या शैलीला बऱ्याच नंतर, अभ्यासकांमुळे चिकटले. वादक एकमेकांचे पाहून शिकले आणि त्याहून अधिक ग्रामोफोनवरून शिकले. ब्लाइंड लेमन यांची टेक्ससची तबकडी जॉर्जियातला मुलगा ऐकत होता, त्यामुळे १९३० नंतर कोणत्याही प्रांताची शैली निर्भेळ राहणे शक्य नव्हते.

अंगठा ऐकण्यासाठी हर्ट यांच्या १९२८च्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी. धुनीकडे दुर्लक्ष करून फक्त खालच्या आवाजावर लक्ष ठेवले, तर ठाय लयीतल्या तबल्याच्या डग्ग्यासारखा तो फेरा लगेच उमटतो. मग एलिझाबेथ कॉटन यांना ऐकावे. त्या नॉर्थ कॅरोलायनाच्या, डावखुऱ्या, आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवत. परिणामी त्यांच्या हातात खर्ज बोटांकडे आणि धून अंगठ्याकडे आहे. माझा अंगठ्याचा सिद्धान्त त्यांच्यापाशी अक्षरशः उलटा होतो, आणि तरीही ऐकताना ते वादन पीडमाँटचेच वाटते.

घराण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर ती मिसिसिपीतल्या बेंटोनिया या चिमुकल्या गावात सापडते. स्किप जेम्स यांनी १९३१ साली पॅरामाउंटसाठी विस्कॉन्सिनमध्ये ध्वनिमुद्रित केलेली गाणी सा प सा ग॒ प सा अशा, कोमल गंधाराच्या जुळणीत आहेत आणि त्यांवर त्यांचा उंच, पातळ, कृत्रिम तारस्वर तरंगतो. ही जुळणी त्यांनी गावातल्या हेन्री स्टकी यांच्याकडून घेतली. स्टकी यांची हकिगत अशी सांगितली जाते की पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना त्यांनी ती कॅरिबियन बेटांवरच्या सैनिकांकडून शिकून घेतली. स्टकी स्वतः कधी ध्वनिमुद्रित झाले नाहीत, पण ती जुळणी जॅक ओवेन्स यांच्याकडे राहिली. ओवेन्स यांनी जिमी ‘डक’ होम्स यांना ती समोर बसवून दाखवली. होम्स यांच्या आईवडिलांनी १९४८ मध्ये बेंटोनियात सुरू केलेले ब्लू फ्रंट कॅफे पुढे त्यांनीच चालवले, आणि तिथेच बसून ते त्या जुळणीत वाजवत आले.

गौरांगी

हवाईयन गिटार अमेरिकेच्या दिशेने गेली तशी ती आपल्याकडेही आली, एवढी नोंद करते. टाऊ मो हे हवाईयन वादक १९४०च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. व्हॅन शिप्ली यांनी ती गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळवली, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडला, आणि विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफांच्या तारा जोडल्या. ब्लाइंड विली जॉन्सन यांची स्लाइड आयुष्यभर पुढ्यात ठेवून वाजवणारे अमेरिकी गिटारवादक राय कूडर आणि भट्ट यांचे एकत्रित ध्वनिमुद्रण १९९२ साली झाले आणि त्याला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ते ऐकताना एक गोष्ट जरूर पाहावी: भट्ट यांची गिटार हवाईयन पद्धतीने आडवी आहे, कूडर यांची बाटली बोटात आहे, आणि एकाच मींडेची ही दोन वेगळी वळणे डोळे मिटूनही ओळखू येतात.